रुपयाची झीज



जुन्या घरात देव्हाऱ्यामागे किंवा एखाद्या पेटीच्या तळाशी राणीछाप रुपया सापडला, तर तो एकवार सराफाच्या तराजूत टाकून पाहावा. या रुपयाचे कायदेशीर वजन १८० ग्रेन, आपल्या जुन्या हिशेबाने नेमका एक तोळा, आणि आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. परंतु तराजूचे पारडे बहुधा तेवढे भरत नाही. कुठे अर्धी गुंज कमी, कुठे दोन गुंजा, कुठे त्याहूनही अधिक. रुपया खोटा आहे म्हणावे, तर नाद खणखणीत आहे आणि छापही अस्सल आहे. मग ही चांदी गेली कोठे, आणि तिचा तोटा कोणी सोसला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्यासाठी मात्र इतिहासात शिरावे लागते.

टाकसाळीतून बाहेर पडणारे प्रत्येक नाणे तंतोतंत वजनाचे असते, हा आपला समज चुकीचा आहे. चांदीचे लगड वितळवून, त्यांच्या पट्ट्या लाटून, त्या पट्ट्यांतून चकत्या कापून मग छाप उठवावयाचा. पट्टी केसभर पातळ लाटली गेली, तरी चकती हलकी उतरते. मुंबईच्या टाकसाळीत १८३० पर्यंत विलायतेहून आणलेली वाफेची यंत्रे बसली, तरी हा फरक अजिबात नाहीसा झाला नाही. कोणत्याच यंत्राने होत नाही. म्हणून कायद्यानेच थोडी सूट ठेवली होती. रुपयाला ती हजारी पाच होती, म्हणजे सुमारे अर्धी गुंज. चवलीसारख्या लहान नाण्याला ती प्रमाणाने अधिक होती, कारण लहान वस्तू अचूक करणे अधिक कठीण. लंडनमध्ये तर टाकसाळीच्या नाण्यांतून काही वेचून पेटीत ठेवण्याची आणि पंचांसमक्ष त्यांची परीक्षा करण्याची रीत तेराव्या शतकापासून चालत आली आहे. सूट आहे म्हणून टाकसाळीच्या अधिकाऱ्याने तिचा फायदा घेऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप!

दुसरे कारण साध्या वापराचे. नाणे हातातून हातात, कशातून गल्ल्यात, गल्ल्यातून थैलीत फिरते आणि प्रत्येक घर्षणात धातूचा कण गमावते. शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून रुपयात बारा भागांत एक भाग हिणकस धातू मिसळून ती कठीण केलेली असे. तरीही झीज थांबत नाही. लहान नाण्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक आणि फिरतीही अधिक, म्हणून रुपयापेक्षा अधेली, अधेलीपेक्षा पावली अधिक लवकर झिजते. इंग्लंडात जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये ही झीज मोजली. तरुणपणी सिडनीच्या टाकसाळीत परीक्षकाचे काम केलेला हा गृहस्थ! त्याने लाखावर सोन्याची नाणी सन पाहून वेगळी करविली, आणि त्यावरून हिशेब काढला की सॉव्हरिन साधारण अठरा वर्षांत कायद्याच्या किमान वजनाखाली उतरते. त्या वेळी चलनात असलेल्या सॉव्हरिनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश हलकी ठरली. जगातल्या त्या काळच्या सर्वांत विश्वासू समजल्या जाणाऱ्या नाण्याची ही कथा आहे.

तिसरे कारण माणसाच्या लोभाचे. नाण्याची कड कातरून घ्यावी, कानस मारावी, पुष्कळ नाणी थैलीत घालून तासन् तास हलवावी आणि तळाचा चुरा गोळा करावा, नाहीतर तेजाबात बुडवून वर वर धातू उतरवून घ्यावा, असे हे उद्योग. हातोड्याने ठोकलेले नाणे वाकडेतिकडे असे, त्यामुळे कातर लागली तरी ओळखू येत नसे. इंग्लंडात १६९५ च्या सुमारास ५७,२०० पौंडांची अशी जुनी नाणी तोलली, तेव्हा ती २,२०,००० औंस भरावयाची ती १,१४,००० औंसही भरली नाहीत. अर्धी चांदी कातरीने खाल्ली होती! यंत्राने पाडलेली दातेरी कडेची नाणी १६६२ पासूनच निघत होती. पण लोक ती घरात ठेवीत किंवा वितळवीत, आणि कातरलेली तेवढी बाजारात चालवीत. अखेर १६९६ मध्ये सर्व जुने नाणे परत घेऊन नवे पाडावे लागले, आणि त्या कामावर न्यूटनची नेमणूक झाली. गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणाऱ्या माणसाने आयुष्याची पुढली तीस वर्षे नाण्यांची वजने सांभाळण्यात घालवावी, यात मला तरी काही विनोद दिसत नाही. आपल्या रुपयाच्या कडेला जे बारीक दाते असतात, ते शोभेसाठी नव्हेत; ते पहारेकरी आहेत.

आता आपल्याकडे पाहू. पेशवाईत महाराष्ट्रात रुपये एक प्रकारचे नव्हते. अंकुशी, चांदवडी असे कितीतरी शिक्के चालत, आणि टाकसाळी बहुधा मक्त्याने दिलेल्या असत. कोणता रुपया किती कसाचा आणि किती झिजलेला, हे सामान्य रयतेला कळणे शक्य नव्हते. ते सराफाला कळे, आणि त्या ज्ञानाचे मोल म्हणजे बट्टा. बट्ट्याचे तत्त्व चुकीचे नव्हते. झिजलेल्या रुपयात चांदी कमी, तर त्याची किंमतही कमी, हा चोख न्याय. पण तराजू ज्याच्या हाती, न्यायही त्याच्याच हाती. बंगालमध्ये तर झीज असो वा नसो, नाण्यावरील सन जुने झाले की पहिल्या वर्षानंतर शेकडा तीन आणि पुढे पाच बट्टा कापीत. यावर कंपनी सरकारने मोठा गमतीचा तोडगा काढला. शाहआलम बादशहाच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष कधीच उलटून गेले, तरी रुपयांवर '१९ सन' हाच आकडा छापणे चालू ठेवले, म्हणजे जुने कोणते नि नवे कोणते हे वाचून ओळखताच येऊ नये. पुढे १८३५ मध्ये कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी १८० ग्रेनांचा एकच रुपया ठरला.

त्याआधी १८३३ मध्ये तोळाही याच वजनाशी बांधला गेला होता, आणि ८० तोळ्यांचा शेर. 'रुपयाभार' हा शब्द आपण अजून ऐकतो तो यामुळेच. नाणे हेच वजन झाले, की झिजलेले नाणे दुहेरी फसवू शकते. झिजले रुपये पारड्यात घालून माल दिला, तर घेणाऱ्याचे नुकसान. कोरे घालून मोड घेतली, तर देणाऱ्याचे.

मग झिजेचा तोटा कोणाचा? १९०६ च्या नाणे कायद्याने रुपया शेकडा दोनपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन गुंजा, हलका असला तरी चलनी मानला. त्याहून हलका रुपया सरकारी तिजोरीत आला की तो तोडावयाचा. पण तो प्रामाणिक वापराने झिजला असेल, तर आणणाऱ्याला पुरी किंमत द्यावयाची. कातरलेला असेल, तर तुकडे परत, आणि नुकसान आणणाऱ्याचे. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. शेकडो हातांनी मिळून केलेली झीज शेवटच्या माणसाच्या माथी मारणे अन्यायाचे होते. मात्र झीज प्रामाणिक की लबाडीची, हे ठरविणारा खिडकीपलीकडे बसलेला असे.

हा उदारपणा सरकारला परवडला, त्याचे कारण १८९३ मध्ये आहे. त्या वर्षापर्यंत कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शके, म्हणून रुपया म्हणजे त्यातली चांदी, असा हिशेब होता. जून १८९३ मध्ये टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. तेव्हापासून रुपयाची किंमत त्यातील चांदीहून वर राहू लागली. अशा नाण्यातली दोन गुंजा चांदी गेली, तरी त्याच्या सोळा आण्यांत काही उणे होत नाही.

पुढे १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि वजन मात्र १८० ग्रेनच राहिले. १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला, तोही तितक्याच वजनाचा, आणि चांदी शून्य. तराजूला यातले काहीच कळले नसते! २०११ मध्ये निघालेला पोलादी रुपया तर मुळातच ३.७९ ग्रॅमचा; तो हलका आहे तो झिजल्यामुळे नव्हे, त्याचे प्रमाणच तेवढे म्हणून. राणीछाप रुपये १९४१ मध्ये चलनातून गेले आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत पुढल्या राजांचे पुऱ्या चांदीचे रुपयेही गेले. ज्यांनी ते परत केले नाहीत, त्यांच्या घरचे रुपये आज सराफकट्ट्यावर पुन्हा चांदी म्हणून विकले जातात. तेथे सराफ ते मोजत नाही, तोलतो. आणि दोन गुंजांचे पैसे पुन्हा कापले जातात.