लोखंडाने जमीन नासते? नांगराच्या गिऱ्हाइकाची बाजू

सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. यात्रेबरोबर जनावरांचा बाजार असतो आणि शेतीचे प्रदर्शनही. प्रदर्शनात एखाद्या चकचकीत रोटाव्हेटरपुढे थांबलेल्या शेतकऱ्याकडे लक्ष द्या. किंमत तो नंतर विचारतो. आधी वाकून पाती पाहतो, बोल्ट चाचपतो आणि मग विक्रेत्याला म्हणतो, “ह्याचं सामान कुठं मिळतंय?”

या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याच इतिहासाविषयी आहे. मात्र त्यासाठी आपल्या सर्वांच्या आवडीच्या एका कथेची थोडी उलटतपासणी करावी लागेल.

कथा तुम्हांला ठाऊक असेलच. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडवला. पण लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी त्याला हात लावीनात. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. मग हळूहळू शेतकऱ्याचे डोळे उघडले, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढचे सगळे सर्वज्ञात आहे.

ही कथा मला प्रिय आहे, लक्ष्मणरावांच्या जिद्दीविषयी शंकाही नाही. अडचण एवढीच की तीत बोलतो तो कारखानदार. गिऱ्हाइकाच्या तोंडी एकच वाक्य आहे आणि तेही अंधश्रद्धेचे. त्या गिऱ्हाइकाला आणखी काही म्हणायचे होते काय?

क्षणभर महाराष्ट्राबाहेर जाऊ. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ मध्ये बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथल्या गोऱ्या, साक्षर शेतकऱ्यांनीही तो नाकारला. कारण काय सांगितले जाते? लोखंडाने माती नासते आणि तण माजते! पण त्या नांगराचा एक दोष कमी सांगितला जातो. तो जवळजवळ अखंड ओतलेला होता. फाळ मोडला की सगळा नांगर वाया. १८१९ मध्ये जेथ्रो वुडने सुटे भाग बदलता येतील असा नांगर केला, तो मात्र खपला आणि मातीच्या विषाची भाषाही मागे पडली. समजूत खोटी होती, पण तिच्या आड एक खरी तक्रार उभी होती.

आता सोलापूरच्या रानात येऊ. बेळगाव–किर्लोस्करवाडीच्या या कथेत सोलापूरचा शेतकरी नावाने येत नाही. परंतु लोखंडी नांगराला ज्या प्रकारच्या मुलखात गिऱ्हाईक शोधायचे होते, त्याचा हा अस्सल नमुना आहे. औंध संस्थानाचा आटपाडी भाग तर सांगोल्याला लागूनच होता. जमीन भारी काळी, पाऊस बेभरवशाचा, मुख्य पीक रब्बी ज्वारी. ती ज्वारी पावसावर येत नाही, पावसाळ्याअखेर जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर येते. काळी माती उन्हाळ्यात हातहात भेगाळते, म्हणजे एका अर्थी स्वतःच स्वतःला नांगरते. म्हणून इथे खरे राबणारे औत कुळव. भारी रानात नांगर दर वर्षी घालण्याची चालच नव्हती. हरळी किंवा कुंदा माजला की घालायचा, आणि तोही अनेक बैल जुंपून, सावडीने, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बैल एकत्र करून. काही वर्षांतून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी रोख पैसे मोजायचे का, हा हिशेब त्याच्या मनात असणारच.

‘रोख’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. लाकडी नांगर गावचा सुतार घडवी. बाभळीचे लाकूड बहुधा शेतकऱ्याच्या बांधावरचेच. फाळ बोथट झाला की लोहार तो तापवून, ठोकून पुन्हा टोकदार करी. या दोघांना दर खेपेला पैसे द्यावे लागत नसत. सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने त्यांचे बलुते दिले की वर्षभराची दुरुस्ती पदरात. आजच्या भाषेत हा वार्षिक देखभालीचा करारच होता, आणि कारागीर हाकेच्या अंतरावर. (बलुत्याच्या पद्धतीत जातीचा जाच किती होता हे विसरून तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. इथे फक्त अवजाराच्या मालकाच्या नजरेने पाहतो आहे.)

ओतीव बिडाचा फाळ या व्यवस्थेत बसत नव्हता. बीड कठीण, पण ठिसूळ. ते तापवून ठोकायला गेले तर तडकते, त्यामुळे गावच्या लोहाराची विद्या तिथे संपते. नवा फाळ आणायचा तर कारखान्याचा किंवा त्याच्या विक्रेत्याचा, आणि रोखीने. पेरणीपूर्व घाईत फाळ तुटला आणि नवा तालुक्याच्या गावीही नसला तर? नांगर विकत घेणारा माणूस केवळ एक वस्तू घेत नव्हता. कधी न पाहिलेल्या एका कंपनीच्या भरवशावर तो आपला हंगाम सोपवत होता.

शिवाय काळ पाहा. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० अशा तीन मोठ्या दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता. शेवटच्या दुष्काळात तर चाऱ्यापाण्यावाचून दख्खनभर गुरे मेली. त्यानंतर अवघ्या तीन-चार वर्षांत बाजारात खोल जाणारा, बैलांची ताकद मागणारा नांगर आला. ज्याच्या गोठ्यात धड एक जोडी उरली नव्हती, त्याने तो नाकारला तर नवल ते काय?

हे मी आज बसून रचलेले तर्क नाहीत ना, असे तुम्ही विचाराल. रास्त शंका आहे. साक्ष काढू. इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी जॉन ऑगस्टस व्होएल्कर या रसायनशास्त्रज्ञाला १८८९ मध्ये पाठवले. त्याचा अहवाल १८९३ चा, म्हणजे लक्ष्मणरावांच्या नांगराआधी दहा वर्षे. त्याने देशी नांगराची बाजू घेतली. तो हलका आहे, स्वस्त आहे, गावातच दुरुस्त होतो आणि खोल नांगरटीने ओल उडण्याचा धोका असतो. विलायती सुधारलेली अवजारे इथल्या बैलांना जड आणि शेतकऱ्याच्या खिशाला महाग पडतात, हेही त्याने नोंदवले. त्याआधी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुल्यांनी सरकारला सुचवले होते की शेतीची प्रदर्शने भरवा, औते हाकण्याच्या परीक्षा घ्या आणि बक्षिसे द्या. शेतकऱ्याला नवे नकोच आहे असे गृहीत धरणाऱ्याची ही सूचना नव्हे.

मग नांगर अखेर खपला कसा? डोळे उघडले म्हणून नव्हे, तर सौदा बदलला म्हणून. फाळ झिजला की तेवढाच बदलता येई आणि तो मिळण्याची सोय वाढत गेली. स्वदेशी कारखाना असल्याने सुटा भाग विलायतेहून बोटीने यायची वाट पाहावी लागत नव्हती. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्याची कथा सांगतात. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. पुढे १९२९ पासून ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी साहित्यात मानाचे पान मिळवणारे हे मासिक मुळात कारखान्याने आपल्या गिऱ्हाइकांशी बोलण्यासाठी काढलेले पत्र होते. १९२२ मध्ये साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला, तोही नांगर करू लागला. गिऱ्हाइकाला निवड मिळाली.

आणि मुख्य म्हणजे पीक बदलले. निरेच्या कालव्यांचे पाणी आले तसा माळशिरस–अकलूजकडे ऊस वाढला. सासवडहून आलेल्या माळी बागायतदारांनी १९३० च्या दशकात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. उसाला खोल नांगरट लागते आणि उसाचा पैसा रोखीत येतो. ज्याला गरज होती आणि ज्याच्या हाती रोकड होती, त्याने लोखंडी नांगर घेतला. समजुतीचा प्रश्नच आला नाही.

कोरडवाहू रानाचे काय? १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्या प्रयोगांतून पुढे आलेली पद्धत ‘बॉम्बे ड्राय फार्मिंग’ म्हणून ओळखली जाते. बांधबंदिस्ती करा, बी विरळ पेरा, ओळींत अंतर ठेवा, वारंवार कोळपा. नांगरट खोल करा, पण सुमारे तीन वर्षांतून एकदा. या शेवटच्या शिफारशीपाशी मी नेहमी थांबतो. भारी रानात दर वर्षी नांगर न घालणाऱ्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसाच्या जुन्या रिवाजापासून ती फार दूर नव्हती.

लोखंड विषारी म्हणणारे लोक नव्हतेच, असे मात्र मी म्हणत नाही. असतील, पुष्कळ असतील. पण अनोळखी विक्रेत्यासमोर आपली गरिबी, मेलेले बैल आणि कंपनीवरचा अविश्वास यांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा “जमीन नासते” असे म्हणून विषय मिटवणे सोपेही असते. त्या शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला अभिप्राय आपल्यासमोर नाही. जे आहे ते कंपनीच्या आठवणीत किंवा सरकारी अहवालात, दुसऱ्याच्या अक्षरात.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि कंपनीबाहेरच्या कारागिराकडून दुरुस्ती करून घेण्याची मुभा, असा तिचा विषय. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत मोबाइल आणि टॅब्लेट आहेत, घरगुती उपकरणे आहेत, वाहने आहेत. आणि शेतीची अवजारेही आहेत.