दमनकारी टी-पेशी ते नियामक टी-पेशी : एका संकल्पनेचे पुनरुज्जीवन

प्रतिकारसंस्थेला आवर घालणाऱ्या पेशी शरीरातच असतात, या कल्पनेचा इतिहास सरळ रेषेत घडलेला नाही. १९६९ मध्ये जपानमधील निशिझुका व साकाकुरा यांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांच्या पिलांची यौवनलोपी ग्रंथी (थायमस) काढली, तेव्हा माद्यांचे बीजांडकोश नष्ट झाले. हा प्रतिकारसंस्थेचा स्वकीय ऊतींवरील हल्ला होता, हे पुढे उलगडले. १९७० मध्ये येल विद्यापीठातील गर्शन व कोंडो यांनी टी-पेशी प्रतिकार दडपूही शकतात असे दाखविले आणि ‘दमनकारी टी-पेशी’ हे संशोधनाचे मोठे क्षेत्र बनले.

या क्षेत्राचा डोलारा मुख्यतः ‘आय-जे’ या खुणेवर उभा होता. १९८० नंतरच्या दशकात डीएनएचा नकाशा तपासला असता तिच्या जनुकाला अपेक्षित ठिकाणी जागाच आढळली नाही. खूण खोटी ठरली म्हणून दमनही खोटे, असा निष्कर्ष तर्काने निघत नव्हता. व्यवहारात मात्र तो काढला गेला, आणि ‘दमनकारी’ हा शब्द उच्चारणेही संशोधकांना अवघड झाले.

शिमोन साकागुची यांनी मात्र थायमसच्या त्या जुन्या प्रयोगाचा धागा सोडला नाही. १९९५ मध्ये त्यांनी दाखविले की, सीडी४ टी-पेशींतून सीडी२५ धारण करणाऱ्या, सुमारे दहा टक्के पेशी वगळून उरलेल्या पेशी थायमसविरहित उंदरांना दिल्यास अनेक अवयवांत स्वयंप्रतिकार विकार उद्भवतात. वगळलेल्या पेशीही सोबत दिल्यास ते टळतात. संकल्पना परतली ती ‘नियामक’ या नव्या नावाने.

२००१ मध्ये ब्रंको, रॅम्सडेल व सहकाऱ्यांनी ‘स्कर्फी’ उंदरांतील सदोष जनुक, फॉक्सपी३, शोधले. त्याच जनुकातील दोषामुळे मुलग्यांना आयपेक्स हा विकार होतो : तान्ह्या वयातच मधुमेह, अनावर अतिसार व इसब. मानवात या पेशींवाचून काय घडते, याचा याहून थेट पुरावा नाही. २००३ मध्ये फॉक्सपी३ हेच नियामक पेशींच्या घडणीचे सूत्रधार असल्याचे सिद्ध झाले. साकागुची, ब्रंको व रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दमनाची रीतही आता बरीच स्पष्ट आहे. सीडी२५ हा इंटरल्युकिन-२ च्या ग्राहीचाच घटक असल्याने या पेशी ते द्रव्य शोषून घेतात व इतर टी-पेशींची वाढ खुंटवतात. सीटीएलए-४ या प्रथिनाद्वारे प्रतिजन सादर करणाऱ्या पेशींवरील उत्तेजक रेणू काढून घेतात. खुणेचा प्रश्न मात्र मानवात पुन्हा उभा राहिला. उंदरात विश्वासार्ह ठरलेले फॉक्सपी३ मानवाच्या सामान्य टी-पेशींतही, त्या उद्दीपित झाल्या असता, काही काळ प्रकट होते. म्हणून २००६ पासून मानवी रक्तातील या पेशी वेगळ्या करताना सीडी२५ चे आधिक्य व सीडी१२७ ची न्यूनता या दोन्ही खुणा एकत्र पाहिल्या जातात.