नाव आहे, पत्ता नाही

पावसाळ्यात ट्यूबलाईटभोवती लांब तंगड्यांचा एक ‘भलामोठा डास’ भिरभिरतो आणि घरातलं कोणीतरी चप्पल उचलतं. बिचारा! तो डास नाहीच. तो क्रेन फ्लाय. त्याला चावता येत नाही. पंख फुटल्यावर तो जेमतेम काही दिवस जगतो. बाकीचं आयुष्य अळी म्हणून जातं: ओढ्याकाठचा चिखल, कुजका पाला, सडकं लाकूड, ओल्या खडकावरचं शेवाळ. म्हणजे हा किडा कुठे सापडेल ते अळीला कुठे राहवतं यावर ठरतं.

आता गंमत बघा. भारतातल्या क्रेन फ्लायवर पहिला मोठा ग्रंथ १९१२ साली आला. लिहिला एनरिको ब्रुनेटी यांनी. पोटापाण्याचा धंदा संगीत, मुक्काम कलकत्ता! (आपण वीकेंडला ब्लॉग लिहितो, त्यांनी ग्रंथ लिहिला. असो.) पुढे अमेरिकेत अ‍ॅमहर्स्टला चार्ल्स अलेक्झांडर नावाच्या प्राध्यापकांनी जगभरातल्या क्रेन फ्लायच्या सुमारे ११,००० जातींना नावं दिली. सत्तर वर्षांचा हिशोब केला तर दर दोन-अडीच दिवसांना एक! फर्नांड श्मिड हे स्विस अभ्यासक १९५०-६० च्या सुमारास भारतात फिरले आणि त्यांनी गोळा केलेल्या माश्याही तिकडेच गेल्या.

पण बहुतेक जातींची नोंद पंखवाल्या माशीवरून झाली. अळी फार थोड्यांचीच माहीत आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर टेबलात प्रायमरी की आहे, पण पत्त्याचा कॉलम नल.

मग पत्ता कोणाचा नीट लिहिला गेला? ज्यांनी त्रास दिला त्यांचा. १९३५ साली लॉर्ड्सच्या मैदानाचं गवत ‘टिप्युला पालुडोसा’च्या अळ्यांनी खाल्लं. टकलं पडलेल्या खेळपट्टीवर बालास्कसची फिरकी अशी वळली की त्याने नऊ बळी घेतले आणि दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडमधली आपली पहिली कसोटी जिंकली. त्यामुळे या जातीबद्दल आता बारीकसारीक सगळं माहीत आहे. तिची अंडी कोरड्या मातीत सुकून मरतात. ऑगस्ट-सप्टेंबरात घातलेल्या अंड्यांना ओली माती आणि पुढे सौम्य हिवाळा लागतो. म्हणून ती १९५० च्या दशकात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आणि १९६५ मध्ये ब्रिटिश कोलंबियात पोचली. ऑक्टोबर हीटमध्ये तापणाऱ्या विदर्भात तिचं काही खरं नाही.

आपल्याकडे तीच गोष्ट डासांची. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने मुंबईचा मलेरिया थेट घरोघरच्या विहिरींपर्यंत नेला, आणि विहिरी झाका-बुजवा अशी मोहीम निघाली. १९३६ मध्ये सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, गांधीजींनाही मलेरियाने गाठलं. तेव्हा डासाची अळी शोधण्याला पैसा आणि माणसं मिळाली हे योग्यच झालं. पण निरुपद्रवी चुलतभाऊ तसाच राहिला.

तिथून जवळच पवनार. धाम नदी, काठावर विनोबांचा आश्रम. इथलं पांढरीचं टेकाड १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे देव आणि ढवळीकरांनी खणलं, वाकाटक काळाचे थर नोंदवले. माती थराथराने वाचायची शिस्त आपल्याकडे आहे हो! फक्त ती काठावरच्या वरच्या दोन इंच चिखलालाही लावायला हवी. ‘कोनोसिया इरोराटा’ नावाची एक जात आफ्रिकेपासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली आहे, कारण तिच्या अळीला भातखाचरातला चिखलही चालतो. अशी चंगळ प्रत्येकीची नसते. काही जातींना ठरावीक झऱ्याकाठचाच ओलावा लागतो. त्या काठाला सिमेंटचा घाट बांधला की ती जात तिथून गेली, आणि ती तिथे होती हे कोणी लिहिलेलंही नसतं.

पवनारला गेलात तर चहाच्या गाळणीत काठचा थोडा चिखल धुऊन बघा. अळी मिळाली तर तोंडाकडे नको, शेपटाकडे बघा: श्वासाची दोन गोल छिद्रं आणि भोवती मांसल बोटं. फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा, आणि अळी परत चिखलात सोडा.