खाजणाची प्रकृती कशी मोजायची?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटीला उभे राहिले, की पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर दिसतात. पावसाळ्यात तिथल्या धबधब्याला गर्दी होते. ते पाणी पुढे कुठे जाते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ओढ्यांतून वाहत ते सखल भागात उतरते आणि शेवटी खाडीच्या भरतीला भेटते. गोड्या-खाऱ्या पाण्याच्या या सीमेवरची चिखलपट्टी म्हणजे खाजण. तिवर, कांदळ, चिपी ही झाडे इथलीच.

ही सीमा कधीच स्थिर नव्हती. जवळचे सोपारे हे प्राचीन काळी नामांकित बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उजेडात आणला. पण ज्या खाडीतून गलबते येत, ती गाळाने केव्हाच उथळ झाली होती.

माणसाने खाजण मोजले ते मुख्यतः त्यातून काय मिळेल हे पाहण्यासाठी. बांध घालून, उघाडी बसवून खारे पाणी अडवायचे आणि भात पिकवायचे, किंवा मिठागर करायचे. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा यांची दृष्टी हीच होती. समुद्रापासून किती जमीन वाचली, हा हिशेब होता. भरती अडल्यावर चिखलातल्या जिवांचे काय झाले, याला वहीत रकाना नव्हता.

१९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८२ मध्ये भारत त्यात सामील झाला. १९८७ पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहचित्रांवरून खारफुटीचे क्षेत्र सांगू लागले. त्या वर्षी महाराष्ट्राचा आकडा १४० चौरस किलोमीटर होता; २०२१ च्या अहवालात तो ३२४ आहे.

मग खारफुटी दुपटीहून वाढली का? काही ठिकाणी ती खरोखर वाढली आहे. पण वर्गात आधी हे गणित करून घ्यावे. सुरुवातीच्या लँडसॅट चित्रांतला एक चित्रबिंदू सुमारे ८० मीटर लांब-रुंद, म्हणजे दीड एकराहून थोडा मोठा होता. पुढे वापरात आलेल्या भारतीय कॅमेऱ्याचा बिंदू साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साधारण साडेपाच गुंठ्यांचा आहे. खाडीकाठची तिवरांची अरुंद रांग पहिल्या चित्रात हरवते, दुसऱ्यात दिसते. त्यामुळे आकडा वाढला तरी सगळी वाढ झाडांचीच असेल असे नाही. काही वाढ नजरेची असते.

६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडण्यास मनाई केली. उपग्रहाच्या साहाय्याने तिचे नकाशे तयार करण्याच्या कामालाही त्यामुळे गती आली. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. नकाशा आता केवळ माहिती न राहता पुरावा बनला.

तरीही क्षेत्रफळ म्हणजे प्रकृती नव्हे. वरून हिरवे दिसणारे खाजण आतून आजारी असू शकते. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. भरावामुळे ती गाडली गेली, किंवा मोरी बुजून पाणी साचून राहिले, तर झाड गुदमरते. पण पाने सुकून उपग्रहाला दिसेपर्यंत वेळ जातो. त्याआधी खबर देतात ते चिखलातले रहिवासी: निवट्या, खेकडे, शंख. खाजणात भरती येते का आणि आलेली परत जाते का, हा प्रकृतीचा पहिला प्रश्न. उरलेल्या बऱ्याच चाचण्या याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

शाळा खाडीजवळ असेल तर काठावरचा सुरक्षित चौरस मीटर आखून घ्यावा. ओहोटीच्या वेळी, मोठ्यांच्या सोबतीने, त्यातली श्वसनमुळे, खेकड्यांची बिळे आणि तिवराची रोपे मोजावीत. उधाणाला पाणी कुठवर चढले, त्याची खूण नोंदवावी. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच तिथीच्या आसपास, त्याच जागी. एका वर्षाची नोंद फारसे सांगणार नाही. दहा वर्षांची वही मात्र त्या खाजणाचा इतिहास असेल, आणि जुन्या हिशेबांत नसलेला रकाना तिच्यात असेल.