दोन बंद घड्याळांचं एक चालू घड्याळ



मागच्या पिढीतल्या लग्नांच्या याद्या तुमच्याही घरात कुठेतरी असतील. भांडी, साड्या, अंगठी आणि त्यात हमखास एक ओळ: जावयाला घड्याळ. तेव्हा मनगटावर घड्याळ असणं म्हणजे माणूस मार्गी लागला असं समजत. त्या घड्याळांचं पुढे काय झालं? काही कपाटात पडली, काही मोडीत गेली. पण बरीचशी घड्याळजीच्या टेबलावर पोचली आणि एकमेकांच्या भागांवर जगली. एकाचं चाक दुसऱ्यात, दुसऱ्याचा काटा तिसऱ्यात. अशा घड्याळाला आपण पटकन ‘नकली’ म्हणून मोकळ्या होतो. मला हा शब्द पटत नाही. का, ते सांगते, पण त्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

स्विस घड्याळ म्हणजे एका मोठ्या कारखान्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत बनलेलं, असा आपला समज असतो. पूर्वी तसं अजिबात नव्हतं. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरात हिवाळ्यात शेती बंद असे, तेव्हा घराघरांत घड्याळाचे भाग बनत. एका घरात चाकं, दुसऱ्या घरात काटे, तिसऱ्यात तबकड्या. बायकामुलंही त्या कामात असत. व्यापारी हे सगळं गोळा करायचा, जोडून घ्यायचा आणि त्यावर नाव टाकायचा. कार्ल मार्क्सने १८६७ च्या ‘दास कॅपिटल’मध्ये घड्याळाच्या धंद्यातल्या कारागिरांची भलीमोठी यादीच दिली आहे. (मार्क्सचं नाव मी धर्मध्यानाच्या बायकांपुढे घेईन असं मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं, तर हसले असते.) म्हणजे घड्याळ हे मुळातच दहा घरचं असायचं.

मात्र त्या काळी प्रत्येक भाग कानशीने घासून त्या त्या घड्याळापुरता बसवलेला असे. एकाचं चाक दुसऱ्यात चालेलच असं नाही. हे बदललं अमेरिकेत. तिथल्या वॉल्थमच्या कारखान्याने १८५० च्या दशकापासून यंत्रावर एकसारखे भाग काढायचा ध्यास घेतला. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते काम पाहून लाँजिन कंपनीचे झाक डाव्हिड हादरले आणि परत जाऊन त्यांनी आपल्या लोकांना खडसावलं, की सुधारा, नाहीतर संपलो. पुढे स्विस लोकांनीही तीच वाट धरली. आज नगरच्या घड्याळवाल्याला एका बंद घड्याळातला भाग काढून दुसऱ्यात बसवता येतो, त्याचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडे फावर-लुबा कंपनी १८६५ मध्ये मुंबईत आली, वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ मध्ये. वेस्ट एंडची घड्याळं लष्करात आणि रेल्वेत खूप चालली. तबकडीवर नाव वेस्ट एंडचं आणि आतलं मशीन लाँजिनसारख्या दुसऱ्याच कारखान्याचं, असं त्यांच्या कितीतरी घड्याळांत असे. त्याला कुणी फसवणूक म्हटलं नाही, कारण तो उघड व्यवहार होता.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायला घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं आली. मग चोरट्या मार्गाने माल येऊ लागला. ‘दुबईचं घड्याळ’ ही तेव्हा मिरवायची गोष्ट होती! त्यावर सरकारी उत्तर होतं एचएमटी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना निघाला. पुरुषांसाठी ‘जनता’, बायकांसाठी ‘सुजाता’. जनता म्हणजे चावीचं, १७ खड्यांचं, साधंसुधं घड्याळ. त्याच्या मशीनचा आराखडाही मूळचा सिटिझनचाच, तरी आपण त्याला आपलंच मानलं, आणि ते योग्यच होतं. वर्षानुवर्षं तेच मशीन बनत राहिल्यामुळे त्याचे सुटे भाग गावोगावी पोचले.

मग सेलची घड्याळं आली. सैकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ १९६९ च्या नाताळात बाजारात आणलं होतं. आपल्याकडे १९८४ मध्ये टायटन स्थापन झाली आणि पाहता पाहता चावीची घड्याळं म्हाताऱ्यांची ठरली. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली.

टाकून दिलेल्या चावीच्या घड्याळांचं मुंबईत काय झालं, हा यातला सगळ्यात मजेदार भाग. तिथल्या कारागिरांनी ती उघडली, चांगली मशीनं वेगळी केली, तबकड्या घासून पुन्हा रंगवल्या, नव्या केसमध्ये बसवून चकचकीत केली. लाल, हिरव्या, निळ्या तबकड्या, कंपनीने कधी काढल्याच नव्हत्या असे रंग! इंटरनेट आल्यावर ती परदेशात विकली जाऊ लागली, ‘जुनं, अस्सल’ म्हणून. फसलेल्या शौकिनांनी त्यांना नाव ठेवलं ‘मुंबई स्पेशल’. ते कौतुकाने म्हणत नाहीत, नाक मुरडून म्हणतात. मला मात्र त्या कारागिरांच्या हाताचं कौतुकच वाटतं. मेलेल्या यंत्रात जीव घालणं सोपं नाही. माझं भांडण त्या ‘अस्सल’ शब्दाशी आहे.

आपण प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे पाच अतिचार रोज म्हणतो. पाठ इतका सवयीचा असतो की अर्थाकडे लक्ष जात नाही. त्यातला एक आहे ‘तप्पडिरूवग ववहारे’, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार. चांगल्या मालात हलका मिसळून तो चांगला म्हणून विकणं. तुपातली भेसळ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. यात दोष मिसळण्याचा की ‘म्हणून’ विकण्याचा? मला वाटतं, त्या ‘म्हणून’चा. बी.कॉम.ला माल विक्री कायदा, १९३० शिकलो, त्याच्या पंधराव्या कलमातही तेच आहे: जसं वर्णन केलं, तसाच माल हवा. आणि ते दुबईचं घड्याळ? त्याच पाठात ‘विरुद्ध राज्यातिक्रम’ही आहे, राज्याचा नियम मोडून केलेला व्यापार. आपल्या लग्नांच्या याद्यांत अशी किती घड्याळं असतील, ते मी मोजत नाही.

‘स्विस मेड’ या शब्दांचाही हिशेब ऐका. १ जानेवारी २०१७ पासूनच्या तिथल्या नियमाप्रमाणे उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असल्याशिवाय हे शब्द छापता येत नाहीत. उरलेला ४० टक्क्यांपर्यंतचा खर्च बाहेरचा चालतो. नियम जाहीर आहे, त्यामुळे माझी तक्रार नाही.

हे सगळं मी शोधत बसले, त्याला कारण आमच्या घरचं होतं. माझ्या सासऱ्यांचं, बाबूजींचं, जनता घड्याळ कित्येक वर्षं कपाटात बंद पडून होतं. आमच्या ह्यांना सामायिकासाठी चावीचंच घड्याळ लागतं. तुम्हाला ठाऊकच आहे, अनेक घरांत सामायिकात सेलचं घड्याळ चालत नाही, संघट्टा लागतो. स्थानकात रेतीची घडी असते, पण घरी? म्हणून पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या आमच्या नातवाने ठरवलं, आजोबांच्या सत्तरीला बाबूजींचं घड्याळ चालू करून द्यायचं.

उघडल्यावर कळलं की बॅलन्सची दांडी तुटलेली, चाकांना गंज, केसचा मुलामा घामाने खाल्लेला. नातवाने पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसरं जनता आणलं. त्याची तबकडी गेलेली, मशीन धडधाकट. केस तिसऱ्याच घड्याळाची. तबकडीच्या पाठीला दोन बारीक खुंट्या असतात, त्या मशीनच्या भोकांत बरोबर बसाव्या लागतात. एचएमटीची तबकडी एचएमटीच्याच मशीनवर बसते, वाटेल त्यावर नाही. काट्यांची भोकंही मापाचीच हवीत. चावीची दांडी नव्या केसला लांब पडत होती, ती नगरच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी केसभर केसभर कापून दिली. एकदम कापली आणि आखूड झाली तर फुकट जाते. सगळा खर्च मजुरीसकट दोन हजारांच्या आत.

पेच आला तबकडीवर. चारच्या आकड्याजवळ तपकिरी डाग आहे. घड्याळजी म्हणाले, रंगवून नवी करून देतो. नातूही तयार झाला होता. मी नाही म्हटलं. तो डाग बाबूजींच्या वेळचा आहे, आणि बाबूजींचं म्हणण्यासारखं त्यात उरलंय काय? तबकडी आणि दोन काटे.

दुसरा पेच मोठा. मुलीचं म्हणणं, “मम्मी, पप्पांना सांगूच नका. बाबूजींचं घड्याळ दुरुस्त झालं एवढंच म्हणा, किती आनंद होईल त्यांना!” खोटं म्हणावं तर खोटंही नाही. तरीही मी नातवाला एक चिठ्ठी लिहायला लावली, खतावणीसारखी. तबकडी, तासकाटा, मिनिटकाटा: बाबूजींचे. मशीन आणि सेकंदकाटा: जुन्या बाजारातल्या घड्याळाचे. केस: तिसऱ्या घड्याळाची. काच, पट्टा: नवीन. ती चिठ्ठी डबीत घड्याळाखाली ठेवली. मुलगी दोन दिवस माझ्यावर नाराज होती.

ह्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग विचारलं, “हे मशीन ज्यांचं होतं, ते कोण?” ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. थोडा वेळ घड्याळ कानाशी धरून बसले, मग चावी दिली.

हे मशीन तासाला १८,००० टोले देतं, म्हणजे सेकंदाला पाच. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या एका सामायिकात १४,४००. मी कागदावर गुणाकार करून ह्यांना दाखवला, तर म्हणाले, सामायिकात टोले मोजायचे नसतात.

तुमच्याही कपाटात असं एखादं घड्याळ असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते. घड्याळजीला आधीच बजावा की विचारल्याशिवाय तबकडी रंगवायची नाही; एकदा घासली की मूळची परत येत नाही. काढलेले जुने भाग पुडीत बांधून परत मागा. चावी रोज एकाच वेळी द्या आणि हाताला अडल्यासारखं वाटलं की थांबा. बाजारातून जुनं घेणार असाल तर फार चमकदार तबकडी आणि झिजलेली केस एकत्र दिसली की समजायचं, रंगकाम झालंय. जोडलेलं असायला हरकत नाही, पण भाव जोडलेल्याचा द्यायचा. मागचं झाकण उघडून मशीन बघायला मागा, आणि दुकानदार उघडायला का-कू करू लागला तर पर्स बंद करून उठा.