आवासदानाची पूर्तता : लंडनच्या पालिका-घरांचा इतिहास

आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचार' या ग्रंथात वैयावृत्त्याचे चार प्रकार सांगताना आहार, औषध व उपकरण यांच्या जोडीने आवासाचाही उल्लेख केला आहे. मूळ संदर्भ त्यागीजनांच्या निवासाचा आहे. तथापि आवासाची गणना येथे सेवेत झाली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे; आणि सेवा एका दिवसात संपत नाही. धर्मशाळा, वसतिगृहे व भाडेकरूंच्या इमारती सांभाळणाऱ्या विश्वस्तांना याचा नित्य अनुभव येतो. लंडन शहराने मात्र हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला.

1865 मध्ये विचारवंत जॉन रस्किन यांच्या पैशातून ऑक्टेव्हिया हिल या विदुषीने मेरिलबोन भागातील काही मोडकळीस आलेल्या घरांचे व्यवस्थापन हाती घेतले. त्या व त्यांच्या सहकारी स्त्रिया दर आठवड्यास दारोदार जाऊन भाडे घेत आणि त्याच फेरीत घराची अवस्थाही पाहत. थकबाकीच्या बाबतीत त्या कठोर होत्या. परंतु दुरुस्तीसाठी काढून ठेवलेल्या रकमेतून काही शिल्लक राहिल्यास ती कोणत्या सुधारणेवर खर्च करावी, हे भाडेकरूंच्या इच्छेने ठरे.

पुढे घरबांधणीचे कार्य सार्वजनिक संस्थांनी स्वीकारले. लंडन काउंटी कौन्सिलने पूर्व लंडनमधील एक दाट गलिच्छ वस्ती हटवून तेथे सुबक इमारती उभारल्या व 1900 मध्ये 'बाउंड्री इस्टेट' या नावाने त्यांचे उद्घाटन झाले. पाच हजारांहून अधिक लोक विस्थापित झाले होते. नव्या घरांत त्यांपैकी अवघ्या 11 जणांना स्थान मिळाले, असे नमूद आहे. नवे भाडे जुन्या रहिवाशांना परवडणारे नव्हते. घरे उत्तम झाली, पण ज्यांच्या दैन्याने हे कार्य सुरू झाले, ते बाहेरच राहिले.

1919 च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारी अनुदान मिळू लागले आणि पालिका-घरे देशभर उभी राहिली. 1980 च्या कायद्याने भाडेकरूंना आपले घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. सदनिका घेणारे दीर्घ मुदतीचे भाडेपट्टाधारक झाले. छप्पर, जिने व बाह्य भिंती मात्र पालिकेकडेच राहिल्या. एकाच जिन्यावर भाडेकरू आणि भाडेपट्टाधारक असे दोन प्रकारचे रहिवासी राहू लागले. दुरुस्तीचा भार कोणावर किती, यावरून वाद होऊ लागले. म्हणून मोठे काम काढण्यापूर्वी भाडेपट्टाधारकांना लेखी सूचना देऊन त्यांचे म्हणणे मागविणे कायद्याने बंधनकारक झाले.

तरीही ऐकणे आणि कागदोपत्री विचारणे यांतील अंतर 14 जून 2017 रोजी उघड झाले. पश्चिम लंडनमधील 'ग्रेनफेल टॉवर' या 24 मजली पालिका-इमारतीस आग लागून 72 जणांचा अंत झाला. नूतनीकरणात बसविलेल्या ज्वलनशील आवरणामुळे आग झपाट्याने पसरली. इमारतीच्या सुरक्षिततेविषयी रहिवाशांनी पूर्वीच इशारे दिले होते. व्यवस्थापक व रहिवासी यांच्यातील विश्वास पार तुटला होता, असे चौकशीच्या 2024 मधील अंतिम अहवालाने नोंदविले. त्यापूर्वी 2023 मध्ये झालेल्या कायद्याने रहिवाशांच्या तक्रारींची दखल व घरांची नियमित तपासणी यांवर भर दिला.

दीडशे वर्षांनंतर कायद्याने जे सांगितले, ते ऑक्टेव्हिया हिल यांच्या साप्ताहिक फेरीत बीजरूपाने होतेच. इमारतीवर दात्याचे नाव कोरले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दानाची खरी नोंद कार्यालयातील तक्रारवहीत असते. तिच्यातील प्रत्येक ओळीखाली 'काम पूर्ण' असा शेरा व तारीख पडली, तरच आवासदान पूर्णत्वास गेले असे म्हणता येईल.