लेक आईपेक्षा थोरली कशी? तारकागुच्छांच्या वयाचा पेच

मागच्या व्याख्यानात आपण ताऱ्यांच्या रंगाचा आणि तेजाचा आलेख पाहिला. आज तोच आलेख घड्याळासारखा कसा वापरतात, आणि त्या घड्याळानं विश्वशास्त्राला कसं पेचात टाकलं, ते बघू.

गोलाकार तारकागुच्छात लाखो तारे असतात. सगळे जवळपास एकाच वेळी जन्मलेले. जड तारा इंधन उधळून टाकतो. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा काही कोटी वर्षांतच संपतो. सूर्याला मात्र त्याचं इंधन सुमारे १० अब्ज वर्षं पुरतं. म्हणजे गाभ्यातला हायड्रोजन संपवून आत्ता मुख्य क्रम सोडणारे तारे कोणते, हे कळलं की गुच्छाचं वय काढता येतं.

पण हे तारे फार अंधूक. पालोमारची ५ मीटरची दुर्बीण आली तेव्हा ते टिपता आले. १९५३ मध्ये ॲलन सँडेज यांनी एम ३ या गुच्छाच्या आलेखात हा वळणबिंदू दाखवला.

खरी गोम मात्र अंतरात आहे. ताऱ्याचं मूळ तेज काढायचं तर त्याचं अंतर लागतं. अंतर १० टक्क्यांनी कमी धरलं, तर तेज सुमारे २० टक्के कमी येतं आणि वय साधारण तेवढंच जास्त.

१९९४ मध्ये वेंडी फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून एम १०० या दीर्घिकेचं अंतर मोजलं. त्यावरून विश्वाचं वय ८ ते १२ अब्ज वर्षं निघालं. गुच्छांचं वय तेव्हा १५ अब्ज वर्षांच्या आसपास धरलं जाई. मग लेक आईपेक्षा थोरली कशी?

दुरुस्ती दोन्ही बाजूंना लागली. १९९७ मध्ये हिप्पार्कस उपग्रहानं मोजलेली जवळच्या ताऱ्यांची अंतरं हाती आली. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर गुच्छ समजुतीपेक्षा दूर असल्याचं दिसलं. म्हणजे त्यांतले तारे अधिक तेजस्वी आणि वयानं लहान. १९९८ मध्ये दोन गटांनी सुपरनोव्हांवरून दाखवलं, की विश्वाचं प्रसरण वेग घेत आहे. म्हणजे पूर्वी ते आजच्यापेक्षा सावकाश चाललं होतं, आणि इथवर यायला जास्त काळ लागला.

आज विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं मानतात आणि सर्वांत जुन्या गुच्छांचं साधारण १२ ते १३ अब्ज. प्रसरणाचं कुठलंही नवं गणित मांडा, त्यात या म्हाताऱ्या ताऱ्यांना पुरेल एवढा वेळ बसतो का, हे आधी तपासावंच लागतं.